‘गॅस झाला असेल’ : उरःशूलाची परीक्षा, ई.सी.जी.ची पट्टी आणि आपली परिचारिका

वऱ्हाडातील कोणत्याही दवाखान्यात सकाळचे दोन तास बसले, तर ‘गॅस’ हा शब्द दहा-बारा वेळा तरी कानी पडतो. पाठ भरून आली तरी गॅस, चक्कर आली तरी ‘गॅस डोक्यात चढला जी’. रुग्ण स्वतःच निदान करून येतो आणि आपल्याकडून केवळ औषधाची अपेक्षा ठेवतो. आपणही कित्येकदा त्याच्या निदानावर स्वाक्षरी करून मोकळे होतो. एरवी त्यातून फारसे बिघडत नाही. परंतु छातीत किंवा पोटाच्या खळगीत दुखत असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही स्वाक्षरी काय करू शकते, ते आम्ही एकदा पाहिले आहे. प्रस्तुत लेखाचा उगम त्या प्रसंगात आहे, म्हणून तो आधी सांगतो.

व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांतील गोष्ट. पोळ्याचा दुसरा दिवस होता. संध्याकाळी अठ्ठेचाळीस वर्षांचे एक कापूस उत्पादक शेतकरी मोटारसायकलवर मुलाच्या मागे बसून आले. आदल्या दिवशी पुरणपोळी झालेली, दुपारपासून पोटाच्या खळगीत जळजळ, आंबट ढेकर, एक उलटी. अंगाला घाम होता. पण भाद्रपदाच्या तोंडाशी वऱ्हाडात घाम कोणाला नसतो? नाडी काहीशी मंद लागली. आम्ही अम्लपित्त लिहिले, सूतशेखर व अविपत्तिकर दिले, उलटीसाठी एक इंजेक्शन दिले. अर्ध्या तासात त्यांना बरे वाटले. त्या वेळी आमच्याकडे नव्यानेच आलेल्या परिचारिकेने दारातच विचारले होते, “सर, एक पट्टी काढून पाहायची का?” यंत्र होते, त्यावर स्वच्छ कापडही घातलेले होते. पण कागदाचा रोल संपून पंधरा दिवस झाले होते. “उद्या बघू,” असे आम्ही म्हणालो. रात्री घरी झोपलेले ते गृहस्थ पहाटे उठले नाहीत. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे मृत्यूचे कारण कागदोपत्री सिद्ध नाही. आम्हांस मात्र त्याविषयी शंका नाही.

यानंतर बरेच दिवस आम्ही चरकाचे सूत्रस्थान उघडून बसत असू. सतराव्या अध्यायात, कियन्तःशिरसीयात, पाच हृद्रोग आले आहेत. त्यांपैकी पित्तज हृद्रोगाची लक्षणे पुन्हा वाचावीत अशी वाचकांना विनंती आहे. हृदयात दाह, तोंड कडू होणे, कडवट व आंबट उद्गार, ग्लानी, तहान, मूर्च्छा, भ्रम आणि स्वेद. आमच्या रुग्णाने यांतली निम्मी लक्षणे स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. आपण ‘आंबट ढेकर’ एवढे ऐकतो आणि लेखणी अम्लपित्ताकडे वळते. आचार्यांनी मात्र तो उद्गार आणि तो स्वेद हृद्रोगाच्या यादीतही घालून ठेवला आहे. कफज हृद्रोगात हृदय जड, बधिर, जणू दगडाखाली दबल्यासारखे होते असे वर्णन आहे. आपला शेतकरी जेव्हा म्हणतो, “छातीवर धोंडा ठेवल्यावानी वाटून रायलं,” तेव्हा तो काही ग्रंथ वाचून आलेला नसतो. सुश्रुताने उत्तरतंत्रात हृच्छूल स्वतंत्रपणे सांगितला आहे : कफपित्ताने अडलेला आणि रसाशी मिसळलेला वायू हृदयात राहून श्वास कोंडणारा शूल उत्पन्न करतो, असा त्याचा आशय. ‘अडलेला’ या शब्दावर आज हृद्रोहिणीतील अवरोध डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही. दोन शास्त्रांचे शब्द एकमेकांवर चिकटवण्याची हौस आम्हांस नाही. त्यातून निदान होत नाही आणि उपचारही होत नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, छातीच्या दुखण्याला पचनाचा दोष समजून सोडून देण्यास आपल्या ग्रंथांचा आधार नाही. हृदय हे सद्यःप्राणहर मर्म आहे हे आपण पहिल्याच वर्षी शारीरात शिकलो आहोत.

आता प्रश्न विचारण्याविषयी. ‘छातीत दुखते का?’ असा थेट प्रश्न केला तर वऱ्हाडी माणूस बहुधा ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या मते ते दुखणे नसतेच. ते दाटणे असते, भरून येणे असते, आवळणे असते. म्हणून ‘दुखते का’ ऐवजी ‘काय होऊन रायलं’ असे विचारावे आणि रुग्णाचा हात कोठे जातो ते पाहावे. एका बोटाने नेमकी जागा दाखवणारा रुग्ण आणि उघडा तळवा किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवणारा रुग्ण यांत फरक आहे. दुसरा अधिक भयावह. पुढे क्रमाने : केव्हा सुरू झाले, अगदी घड्याळाची वेळ, काय करीत असताना, चालल्याने किंवा जिना चढल्याने वाढते का, डाव्या किंवा उजव्या हातात, जबड्यात, दातांत, पाठीत जाते का, घाम थंड होता का. या शेवटच्या प्रश्नाला आपल्याकडे विशेष अर्थ आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना घाम हे लक्षण म्हणून दिसतच नाही. म्हणून नातेवाइकांना विचारावे : पंख्याखाली बसल्यावरही कपडे भिजले काय, हातपाय गार पडले काय?

काही रुग्णांत छाती दुखतच नाही, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात केवळ दम लागणे, अकारण थकवा, मळमळ, किंवा नुसते ‘कसंतरी होऊन रायलं’ एवढ्यावर हृद्विकाराचा झटका येऊन जातो. वयाच्या बाबतीतही आपण गाफील आहोत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या बहुराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांच्या तुलनेत सुमारे सहा वर्षे आधी येतो असे दिसले. पस्तिशीचा तरुण आहे, तंबाखू-खर्रा खातो आणि छाती आवळते म्हणतो, तर त्याचे वय त्याच्या बाजूने साक्ष देणार नाही.

अँटासिडने किंवा आपल्या शंखवटीने बरे वाटले म्हणजे हृदय निर्दोष, ही समजूत तर टाकूनच द्यावी. तशीच उलट समजूतही : जिभेखालच्या गोळीने थांबले म्हणजे हृदयाचेच होते, असेही नाही, अन्ननलिकेचा आकुंचनशूलही त्या गोळीने शमतो. फासळ्या दाबून दुखल्या तरी हृद्विकार असूच शकत नाही असे ठरत नाही. पाठीत फाडल्यासारखी कळ एकाएकी गेली आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबांत मोठा फरक मिळाला, तर महाधमनी विदीर्ण होण्याची शंका घ्यावी. तेथे अ‍ॅस्पिरिनही अपाय करते. एकाएकी दम लागून एका बाजूचा श्वासध्वनी नाहीसा झाला, तर फुप्फुसाच्या आवरणात हवा भरली असेल. नागिणीचा शूल पुरळ उठण्याआधी दोन-तीन दिवस छातीच्या एकाच पट्ट्यात जाळतो. आणि एक खास आपल्या भागाचे : कपाशीवरील फवारणीच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर, छाती आवळणे, घाम, उलटी आणि मंद नाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि तोंडातून लाळ असेल तर तो कीटकनाशकाचा विषप्रभाव. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात अशा विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

अर्थात हे सारे भेदाभेद पट्टी हाती आल्यावर करावयाचे. पट्टी आधी. ती रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत काढावी, असा आज सर्वत्र मान्य झालेला दंडक आहे. घड्याळ रुग्णाच्या आगमनापासून चालू होते, वैद्याच्या आगमनापासून नव्हे. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात रुग्ण येतो तेव्हा दारात वैद्य नसतो, परिचारिका असते. चरकाने चिकित्सेच्या चार पादांत परिचारकाला स्थान दिले आणि त्याच्या चार गुणांत उपचारज्ञता, म्हणजे काय करावयाचे त्याचे ज्ञान, पहिले ठेवले. दक्षता, अनुराग आणि शुचिता त्यानंतर. आपण मात्र सिस्टरकडून शेवटच्या तिन्हींची अपेक्षा ठेवतो आणि पहिल्याची सोय करीत नाही.

आमच्याकडे त्या पोळ्यानंतर एक नियम झाला. तिशीच्या पुढील कोणाही व्यक्तीस जबड्यापासून नाभीपर्यंत कोठेही नव्याने दुखत, जळत किंवा दाटत असेल, अथवा अकारण घाम आणि दम असेल, तर परिचारिकेने पट्टी काढावी. त्यासाठी कोणाचीही परवानगी घेऊ नये. आम्ही जेवत असू, कोणाची नाडी पाहत असू, गावाला गेलेले असू, तरी. दुसरा नियम पैशांचा. “पट्टीचे पैसे कायले?” हा प्रश्न आपल्या भागात येतोच आणि त्या घासाघिशीत पाच मिनिटे जातात. परिचारिकेने स्वतःच्या शंकेवरून काढलेल्या पट्टीचे पैसे आम्ही घेत नाही. कागद लागतो तो काही रुपयांचा. तिसरा नियम सोमवारी सकाळचा : यंत्र चालू करून स्वतःच्याच हातापायांवर एक पट्टी काढून पाहणे, बॅटरी भारित आहे ना, जेली वाळली नाही ना, आणि कपाटात एक रोल शिल्लक आहे ना.

पट्टी काढण्याची कृती साधी वाटते, परंतु अर्ध्याहून अधिक घोटाळे येथेच होतात असा आमचा अनुभव आहे. हातापायांच्या चिमट्यांचे रंग आपल्याकडील यंत्रांवर ठरलेले आहेत : उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा. दोन्ही हातांचे चिमटे अदलाबदल झाले तर लीड एक पूर्ण उलटी येते आणि एव्हीआर सुलटी दिसते. एव्हीआर सुलटी दिसली की आधी चिमटे पाहावेत. छातीवरील सहा जागांसाठी डोळ्यांनी अंदाज बांधू नये, बोटांनी फासळ्या मोजाव्यात. उरोस्थीवर वरून दोन-तीन बोटे खाली एक आडवा उंचवटा लागतो, त्याच्या बाजूस दुसरी फासळी. तिच्याखालची दुसरी पोकळी, मग तिसरी, मग चौथी. चौथ्या पोकळीत उरोस्थीच्या उजव्या काठाशी व्ही १, डाव्या काठाशी व्ही २. पाचव्या पोकळीत गळ्याच्या हाडाच्या मध्यातून उतरणाऱ्या रेषेवर व्ही ४. व्ही २ आणि व्ही ४ यांच्या मधोमध व्ही ३. व्ही ४ च्या पातळीतच काखेच्या पुढच्या रेषेवर व्ही ५ आणि काखेच्या मध्यरेषेवर व्ही ६. पहिल्या दोन जागा वर सरकवण्याची चूक फार होते. स्त्रीरुग्णाच्या बाबतीत संकोचाने लुगड्यावरूनच जागा शोधली जाते, किंवा व्ही ४ स्तनाच्या वरच लावली जाते. ती खाली, घडीत लावावी लागते. हे काम स्त्री परिचारिकेनेच करावे, पडदा ओढावा, सासूबाईंना बाहेर बसवावे. घाम पुसून, केस दाट असतील तर ते काढून, मगच जेली. रुग्ण थंडीने किंवा भीतीने थरथरत असेल तर रेषा जाड आणि काटेरी येते. त्याच्याशी दोन शब्द बोलावे, अंगावर चादर घालावी आणि पुन्हा काढावी. वेळ, तारीख, नाव आणि ‘शूल चालू असताना’ की ‘थांबल्यावर’ हे पट्टीवर लगेच लिहावे. हे शेवटचे शब्द पुढे तज्ज्ञाला फार उपयोगी पडतात.

वाचनाकडे वळण्यापूर्वी आमच्या वैद्यबंधूंच्या मनातील एक अढी. ‘ही पट्टी आपली नव्हे’ असे कित्येकांना वाटते. लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी १९०३ च्या सुमारास सूक्ष्म तारेच्या गॅल्व्हानोमीटरने हृदयाची विद्युत्-लहर टिपली, तिच्या उंचवट्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही रूढ नावे दिली आणि १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नाडीपरीक्षेत आपण बोटांनी जी गती पाहतो, तिचीच एक बाजू या यंत्राने कागदावर उतरवली. बोटे आणि कागद यांत वैर असण्याचे कारण नाही.

कागद सेकंदाला पंचवीस मिलिमीटर वेगाने सरकतो. एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, पाच लहान चौकोनांचा एक मोठा म्हणजे ०.२ सेकंद. उंचीत दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. दोन आर शिखरांमध्ये जितके मोठे चौकोन, त्यांनी ३०० ला भागले की मिनिटाची गती मिळते : चार चौकोन तर ७५, सहा तर ५०, दोन तर १५०. ताल अनियमित असेल तर तीस मोठ्या चौकोनांतील शिखरे मोजून दहाने गुणावे. प्रत्येक क्यूआरएसपूर्वी पी आहे का, पी-आर अंतर तीन ते पाच लहान चौकोनांत आहे का, क्यूआरएसची रुंदी तीन लहान चौकोनांपेक्षा कमी आहे का, एवढे परिचारिकेस महिनाभरात सहज येते. आमच्याकडे दोघींना आले.

छातीत दुखणाऱ्या रुग्णात मात्र नजर प्रथम एस आणि टी यांच्या मधल्या रेषेवर जावी. ती पी-पूर्वीच्या सपाट रेषेच्या पातळीत असावी. शेजारच्या दोन लीडमध्ये ती एक मिलिमीटर किंवा अधिक वर उचललेली असेल, तर हृद्रोहिणी पूर्ण अडल्याची शंका घ्यावी. व्ही २ आणि व्ही ३ यांत थोडा उंचावा स्वभावतःच असतो, म्हणून तेथे चाळिशीपुढील पुरुषात दोन, त्याखालील पुरुषात अडीच आणि स्त्रीत दीड मिलिमीटर ही मर्यादा मानतात. ‘शेजारच्या’ म्हणजे कागदावर शेजारी नव्हे, हृदयाच्या एकाच भिंतीकडे पाहणाऱ्या. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ खालची भिंत पाहतात. व्ही १ ते व्ही ४ पुढची. एक, एव्हीएल, व्ही ५ आणि व्ही ६ बाजूची. एका भिंतीत रेषा वर गेली की समोरच्या भिंतीत ती बहुधा खाली जाते. खालच्या भिंतीच्या झटक्यात एव्हीएलमधील रेषा कित्येकदा इतरांच्या आधी खाली वाकते, म्हणून पोटाच्या खळगीत जळजळ घेऊन आलेल्या रुग्णाची एव्हीएल आम्ही प्रथम पाहतो. जळजळ, उलटी, मंद नाडी, थंड घाम : हे खालच्या भिंतीचे नेहमीचे रूप आहे. पोळ्याच्या त्या संध्याकाळी कागद असता तर तेथे काय उमटले असते, याचा विचार आम्ही पुष्कळ वेळा केला आहे.

अगदी आरंभी रेषा उचलण्यापूर्वी नुसती टी लहर रुंद आणि उंच होते. रेषा खाली दबलेली किंवा टी उलटी असणे, हेही दुर्लक्षण्याजोगे नाही. तेथे अवरोध अपुरा असू शकतो, पण धोका अपुरा नसतो. यंत्र वरच्या कोपऱ्यात स्वतःचे निदान छापते. त्यावर विसंबू नये. ते ‘प्राकृत’ म्हणाले म्हणून रुग्णाला घरी पाठवणारे डॉक्टर आम्ही पाहिले आहेत. आणि पट्टी खरोखरच प्राकृत असली तरी झटका नाही असे ठरत नाही. शूल चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी दुसरी, पुन्हा तिसरी काढावी आणि एकापाशी एक ठेवून पाहावी. रक्तातील ट्रोपोनिनही पहिल्या तीन-चार तासांत वाढलेले नसू शकते. आज मोबाइलने एक सोय झाली आहे : पट्टी सपाट ठेवून, नाव आणि वेळ दिसेल अशा रीतीने छायाचित्र काढून अमरावती किंवा अकोल्याच्या परिचित हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवले की पाच मिनिटांत मत मिळते. मत येईपर्यंत गाडी बोलावून ठेवावी.

उपचारात काय द्यावे त्याआधी काय देऊ नये ते सांगतो, कारण अपाय तेथे अधिक होतो. स्नायूत इंजेक्शन देऊ नये. वेदनेसाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन ही आपल्या भागातील रीत आहे. या वर्गातील वेदनाशामके हृद्विकाराच्या झटक्यात घातक ठरतात, शिवाय पुढे रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध दिले की सुई टोचल्या जागी स्नायूत रक्तस्राव होतो. प्राणवायू सर्वांना देण्याची गरज नाही. संपृक्तता नव्वदीखाली असेल तर द्यावा. अर्जुन, हृदयार्णव, प्रभाकर वटी ही आमची आवडती औषधे आहेत आणि जुनाट हृद्रोगात आम्ही ती देतो, परंतु या तासात त्यांची जागा नाही. ती देण्यात जाणारा वेळसुद्धा रुग्णाचा आहे.

द्यावयाचे ते अ‍ॅस्पिरिन : साधी, आवरण नसलेली, सुमारे ३०० मिलिग्रॅम, चावून. पूर्वी अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, रक्ताची उलटी, काळे शौच किंवा नुकताच मेंदूतील रक्तस्राव झालेला नसावा, आणि वर सांगितलेली महाधमनीची शंका नसावी. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीत सतरा हजारांहून अधिक रुग्ण होते. रोज सुमारे १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनने पाच आठवड्यांतील रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले, आणि स्ट्रेप्टोकायनेजची जोड दिल्यावर ४२ टक्क्यांनी. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, याच शोधनिबंधात लेखकांनी रुग्णांचे राशीवार पृथक्करण करून मिथुन आणि तूळ राशींना अ‍ॅस्पिरिनचा लाभ दिसत नाही असे छापले होते. आकड्यांचे बारीक तुकडे केले की काहीही सिद्ध होते, हे दाखवण्यासाठीचा तो विनोद होता. आपल्याकडील काही वाचक तो गंभीरपणे घेतील म्हणून हा खुलासा.

जिभेखालची सॉर्बिट्रेट सर्वांच्या खिशात असते, पण ती निर्धोक नाही. वरचा रक्तदाब शंभरच्या खाली असेल, नाडी फार मंद असेल, किंवा खालच्या भिंतीचा झटका असून हृदयाचा उजवा कप्पा सापडल्याची शंका असेल, तर ती देऊ नये. रक्तदाब एकदम कोसळतो. गेल्या एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिल किंवा त्या जातीची गोळी घेतली असेल तरी देऊ नये. येथे आपल्या औषधविक्रेत्या बंधूंशी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वाजीकर उत्पादनांत सिल्डेनाफिलची भेसळ आढळल्याची उदाहरणे देशोदेशींच्या औषधनियंत्रकांनी नोंदवली आहेत. अनोळखी कंपनीची, तासाभरात गुण देण्याची हमी देणारी पुडी दुकानात ठेवताना हे आठवावे. आणि पन्नाशीचा गिऱ्हाईक काउंटरवर हात टेकून, घामेजल्या चेहऱ्याने “गॅसची गोळी द्या” म्हणाला, तर गोळी देण्यापूर्वी त्याला बाकावर बसवावे, ‘केव्हापासून?’ एवढे विचारावे आणि जवळच्या पट्टीच्या यंत्राकडे कोणाच्या तरी सोबतीने पाठवावे. चालत नव्हे. अमरावतीच्या एका औषधविक्रेत्या मित्राने असे दोघांना पाठवल्याचे आम्हांस ठाऊक आहे. त्यांपैकी एकाचे खरोखर पित्तच निघाले आणि तो आजही त्या दुकानातून उधारीवर औषधे नेतो.

राहिला प्रश्न पोचण्याचा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या वीस हजारांहून अधिक भारतीय रुग्णांच्या नोंदवहीत लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे निघाला, आणि रुग्णालयात पोचल्यावर गुठळी विरघळवणारे औषध मिळेपर्यंतचा केवळ ५०. म्हणजे सहा तास घरी, शेतात, वाटेवर आणि आपल्यासारख्यांच्या बाकावर. १९९६ सालच्या एका एकत्रित विश्लेषणानुसार हे औषध पहिल्या तासात मिळाले तर हजारी ६५ जीव वाचतात, दुसऱ्या तासात ३७. रस्त्याला दोष देण्याची सोयही आता उरली नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरून गिनीज विक्रम झाला. आमचा दवाखाना या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात आहे. येथून दोन्हींपैकी कोणत्याही शहरास जाण्यास आता तासाहून अधिक लागत नाही. मेळघाटचे मात्र निराळे आहे. धारणीहून अमरावती घाटवाटेने दीडशे किलोमीटरच्या घरात पडते, आणि तेथे पहिली पट्टी जेथे निघेल तेथूनच फोनवर सल्ला घेऊन उपचार सुरू करण्याला पर्याय नाही.

महाराष्ट्रात २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांत २३३ प्रगत जीवरक्षक प्रणालीच्या होत्या. या गाड्यांवर डॉक्टर असतो आणि त्या डॉक्टरांत आपले बी.ए.एम.एस. पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही आपलेच विद्यार्थी बसले आहेत. शासनाने २०२१ मध्ये ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्पाद्वारे लहान रुग्णालयांतील पट्टी दूरस्थ तज्ज्ञाकडून वाचून घेण्याची व्यवस्था आरंभली. त्या प्रत्येक साखळीतील पहिला दुवा आयुर्वेदाचा पदवीधर आणि त्याची परिचारिका हा आहे. अमरावतीच्या विदर्भ आयुर्वेद महाविद्यालयातून किंवा अकोल्याच्या राधाकिसन तोष्णीवाल महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या तरुणाला एव्हीएल वाचता येत नसेल, तर ते उणे त्याच्या शास्त्राचे नव्हे, आपण त्याला जे शिकवले नाही त्याचे आहे. संघटनेच्या पुढील जिल्हा बैठकीत एक सत्र वैद्यांसाठी आणि एक त्यांच्या परिचारिकांसाठी ठेवावे, यंत्र आणि रोल आम्ही आणू, असा प्रस्ताव आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे.

गाडीत चढवण्याआधी रुग्णाला चालवू नये, जेवण देऊ नये, शिरेत एक सुई लावून ठेवावी. परिचारिकेस छातीवरील दाबांचा सराव असावा : मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय असो की अमरावतीचे इर्विन की खाजगी केंद्र, आधी फोन करावा, खाट आणि औषध आहे याची खात्री करावी, मगच गाडी वळवावी. सोबतच्या चिठ्ठीवर आम्ही हल्ली एवढेच लिहितो : शूल सुरू झाल्याची वेळ, पहिल्या पट्टीची वेळ, दुसरीची वेळ, नाडी, दोन्ही हातांचा रक्तदाब, अ‍ॅस्पिरिन किती आणि केव्हा, सॉर्बिट्रेट दिली की नाही, स्नायूत इंजेक्शन दिलेले नाही, मधुमेह आहे की नाही, कोणती औषधे चालू आहेत. खाली वैद्याची सही, आणि तिच्या शेजारी पट्टी काढणाऱ्या परिचारिकेचीही.